दुसऱ्या हाफमध्ये दम कुठे जातो?

पत्र : नमस्कार. आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा १४ वर्षांचा, नववीत, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात, खेळतो. पहिल्या हाफला छान पळतो, दुसऱ्या हाफला मात्र कंबरेवर हात. सर म्हणतात, ‘याच्यात दमच नाही.’ म्हणून त्याचे बाबा त्याला सोमवार ते शनिवार पहाटे पाचला उठवून पाच किलोमीटर पळवतात आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढवतात. संध्याकाळी सहा दिवस प्रॅक्टिस असतेच. दोन महिने झाले. दम वाढला नाही, उलट उजव्या गुडघ्याखाली दुखतं, हाताला टेंगळासारखं लागतं. आता एका फिटनेस बॅचची जाहिरात पाहिली आहे. शालेय स्पर्धा नऊ आठवड्यांवर आहे. आखून केलेल्या ट्रेनिंगने खरंच फरक पडतो, की पैसे पाण्यात? ता. क. : गुडघ्याला नी-कॅप घ्यावी का? – एक आई

उत्तर :

ताई, फरक पडतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. नॉर्वेत ज्युनियर फुटबॉलपटूंवर झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या प्रॅक्टिससोबत त्यांना आठवड्यातून फक्त दोनदा, आठ आठवडे, एकच गोष्ट दिली होती : चार मिनिटं जोरात, मग तीन मिनिटं हलकं जॉगिंग, अशा चार फेऱ्या. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, म्हणजे व्हीओटू मॅक्स, किलोमागे ५८.१ मिलिलिटरवरून ६४.३ वर गेला. मॅचमध्ये कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं, स्प्रिंटची, म्हणजे पूर्ण वेगाच्या छोट्या धावांची, संख्या दुप्पट झाली. उडी, किकचा वेग आणि सुट्या स्प्रिंटचा वेग मात्र जिथे होते तिथेच राहिले. वाढली ती मॅचभर टिकायची ताकद, आणि तुम्हाला हवी आहे तीच. एक लक्षात असू द्या, ती मुलं साधारण १८ वर्षांची होती. तुमचा मुलगा १४ चा आहे, त्याचं हृदय आणि फुप्फुसं तशीही दर महिन्याला मोठी होत आहेत. सुधारणेतला काही वाटा नुसत्या वाढीचा असेल, सगळं श्रेय ट्रेनिंगला द्यायचं कारण नाही.

मग पहाटेचे पाच किलोमीटर वाया का गेले? नाशिक हे लांब पल्ल्याच्या धावपटूंचं गाव आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हापासून तर इथे ‘दम’ म्हटलं की डोळ्यांसमोर लांब धावणंच येतं. धावपटूसाठी ते बरोबरच आहे. मिडफिल्डरचं काम निराळं असतं. तो बहुतेक वेळ चालतो किंवा जॉग करतो आणि साधारण दर दीड मिनिटाला दोन-चार सेकंदांचा स्प्रिंट मारतो. त्या स्प्रिंटसाठी स्नायूत साठवलेलं इंधन लागतं आणि ते पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो. म्हणून फुटबॉलमधला दम म्हणजे एका स्प्रिंटनंतर पुढच्यासाठी किती लवकर तयार होता ते. एकाच संथ चालीत अर्धा तास पळणाऱ्या मुलाचं हृदय बहुधा वरच्या गियरला जातच नाही. ते होतं तिथेच राहतं आणि पाय तेवढे झिजतात.

ट्रेनिंग बदलण्याआधी एक मॅच नीट बघा. हातात वही घेऊन बाजूला उभं राहायचं आणि आपल्याच मुलावर डोळा ठेवायचा. पाच-पाच मिनिटांचे रकाने पाडा आणि तो पूर्ण ताकदीने पळाला की रेघ मारा. गोल कोणी केला ते घरी आल्यावर विचारता येईल. रेघा शेवटच्या पंधरा मिनिटांत घटल्या तर प्रश्न दमाचा आहे. हाफटाइमनंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतच घटल्या तर बहुधा पाय गार पडलेत : मुलं हाफटाइमला फतकल मारून बसतात आणि स्नायू थंड होतात. त्याला उपाय म्हणजे शिट्टीआधी तीन मिनिटं उभं राहून हलकं पळणं आणि दोन छोटे स्प्रिंट. पहिल्या दहा मिनिटांपासूनच रेघा कमी असतील तर गोष्ट ट्रेनिंगची नसेलही. हिमोग्लोबिन तपासा. १२ ते १४ वयात १२ आणि १५ पासून मुलग्यांना १३ ग्रॅमच्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया धरतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलग्यांपैकी ३१ टक्क्यांना तो होता, म्हणजे हा फक्त मुलींचा आजार नाही. पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटं खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, विशेषतः थंडीच्या सकाळी, तर दम्याच्या अंगाने डॉक्टरांना दाखवा. आणि पळताना छातीत दुखलं, भोवळ आली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत पळणं बंद. यात ‘बघू’ नको.

आता गुडघा. वाटीच्या खाली, नडगीच्या सुरुवातीला हाताला लागणारं दुखरं टेंगूळ या वयात बहुतेक वेळा ऑसगूड-श्लाटर नावाचं दुखणं असतं. मुलग्यांची उंची साधारण १३-१४ च्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते. हाड लांब होतं, मांडीचा पुढचा स्नायू त्यामानाने ताठ राहतो आणि वाटीखालची त्याची दोरी हाडाच्या अजून कच्च्या टोकाला ओढत राहते. पायऱ्या, उड्या आणि कडक जमिनीवरचं पळणं ही ओढ वाढवतात. पायऱ्यांत चढण्यापेक्षा उतरणं जास्त छळतं. त्यामुळे पांडवलेणी सध्या बंद, आणि पहाटेचं डांबरावरचं पळणंही बंद. हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, कारण रात्री झोपेत दुखणं, सांधा सुजणं, लंगडणं किंवा एकदम उठलेली कळ यांची कारणं वेगळी असू शकतात.

डॉक्टरांनी ऑसगूडच म्हटलं तर पूर्ण झोपून राहायची गरज बहुधा नसते. आमचा नियम असा : दुखणं शून्य ते दहात मोजायचं. खेळताना तीनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मूळ पातळीवर, तर चालू ठेवा. चार झालं किंवा सकाळीही वाढलेलंच राहिलं, तर पुढचा दिवस हलका. खेळानंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. भिंतीला पाठ टेकून ‘खुर्ची’, ३० सेकंद, चार वेळा, रोज, दुखणं तीनच्या आत असेल तरच. आणि घरच्यांनी कौतुकाने शंभर बैठका काढायला लावू नयेत. सुट्ट्या लागल्या की हा उत्साह बऱ्याच घरांत उफाळून येतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी भिंतीला टाच लावून उंचीची खूण करा. महिन्यात अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दोन-तीन महिने सलग दिसली तर तो उंचीच्या लाटेवर आहे. त्या काळात मुलं धडपडतात, साधा पास चुकतो, पाय आपले नसल्यासारखे वाटतात. तेव्हा ट्रेनिंग वाढवायचं नसतं.

आधी आज त्याच्यावर किती बोजा आहे तो मोजू. पद्धत सोपी आहे. प्रत्येक सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने त्याला विचारायचं, ‘दहापैकी किती अवघड गेलं?’ आणि त्या आकड्याने मिनिटांना गुणायचं. प्रॅक्टिस ९० मिनिटं आणि अवघडपणा ६ धरला तर ५४०, सहा दिवसांचे ३२४०. पहाटेची ३५ मिनिटं गुणिले ५, सहा दिवसांचे १०५०. रविवारच्या पायऱ्या, तासभर गुणिले ७, ४२०. एकूण ४७१०, आणि सातांत एकही दिवस सुट्टीचा नाही. पोराला दम नाही असं नाही, ताई, त्याला दम खायला कोणी दिलेला नाही.

नवा आठवडा असा बसवा. मंगळवार आणि गुरुवार दमाचे दिवस, प्रत्येकी ७५ मिनिटं. सोमवारी आणि बुधवारी तासभर चेंडूवरचं काम, शेवटची वीस मिनिटं ताकदीची. शुक्रवारी ४५ मिनिटं अगदी हलकं. शनिवारी मॅच किंवा सराव सामना. रविवारी काही नाही. सायकल नाही, पायऱ्या नाहीत, ‘थोडंसं जॉगिंग’ही नाही. वरच्याच हिशेबाने हा आठवडा बावीसशेच्या आत येतो. सरांना हा आकडा दाखवला तर बोलणं सोपं जाईल. ‘माझा मुलगा दमतो’ या वाक्याला उत्तर ठरलेलं असतं, ४७१० या आकड्याला ते द्यायचं म्हणजे सरांनाही बसून बेरीज करावी लागते.

मंगळवार-गुरुवारचं सत्र नेमकं कसं घ्यायचं ते सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे आणि चुकाही इथेच होतात. आधी २० मिनिटं वॉर्म-अप. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ क्रम वापरा : आठ मिनिटं पळण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद-तोल-उड्या, दोन मिनिटं वेगात पळणं. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींवर तो तपासला गेला तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या होत्या. यातल्या उड्या गुडघा शांत होईपर्यंत तुमच्या मुलाने गाळाव्यात.

मग मुख्य काम. तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही, मैदान साधारण ३० बाय २० मीटर, कोपऱ्यांना चार कोन (खुणेचे प्लास्टिकचे शंकू). कडेने सहा-आठ चेंडू ठेवा. आमच्या मते हे चेंडू म्हणजेच ट्रेनिंग. एकच चेंडू असला की तो बाहेर जातो, कोणीतरी रमतगमत आणायला जातो, तीस सेकंद सगळे उभे, आणि हृदयाचे ठोके खाली. चार मिनिटांत असं तीनदा झालं की ती फेरी फुकट. चेंडू बाहेर गेला की सरांनी लगेच दुसरा आत टाकायचा. प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन टच, म्हणजे कोणी चेंडू घेऊन उभं राहत नाही आणि बाकीच्यांना जागा शोधत पळावं लागतं. तरीही एखादा मुलगा कोपऱ्यात लपतो. त्याच्यासाठी नियम करा, पास दिला की निदान पाच मीटर धावायचंच. ज्युनियर खेळाडूंवरच्या अभ्यासांत असे छोटे सामने आणि नुसतं पळणं यांचा दमावर जवळपास सारखाच परिणाम दिसला आहे. मग चौदा वर्षांच्या पोराला चेंडूशिवाय का पळवायचं?

जोर पुरेसा लागतोय का हे कळायला महागडं घड्याळ लागत नाही. फेरी संपताक्षणी मानेच्या एका बाजूला दोन बोटं हलकेच टेकवून दहा सेकंद ठोके मोजायचे. दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत. या वयात कमाल ठोके मिनिटाला २०० च्या आसपास असतात. ९० ते ९५ टक्के म्हणजे १८० ते १९०, दहा सेकंदांत ३० ते ३२. पंधरा सेकंद उशीर केलात तर २६ येतील आणि मुलगा आळशी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल, कारण या वयात ठोके झपाट्याने उतरतात. बोलून पाहणं हीसुद्धा चांगली खूण आहे : दोन-तीन शब्दांपलीकडे वाक्य जात नसेल तर जोर बरोबर. एक शब्दही फुटत नसेल तर फार झालं, पुढच्या फेरीत तो कोसळेल. मधली तीन मिनिटं बसायचं नाही, हलकं जॉगिंग करायचं आणि हवं तर दोन घोट पाणी घ्यायचं.

लगेच चार मिनिटांच्या चार फेऱ्यांवर उडी नको. पहिले दोन आठवडे तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. तिसऱ्यात तीन मिनिटांच्याच चार. चौथा आठवडा मुद्दाम हलका, दमाचं एकच सत्र. शरीर घडतं ते अशा हलक्या दिवसांतच, आणि पालक नेमका हाच आठवडा खाऊन टाकतात. पाच, सहा, सात : चार मिनिटांच्या चार फेऱ्या, दोनदा. आठव्यात मंगळवारी तेच आणि गुरुवारी स्प्रिंट : २० मीटर जायचं, वळून २० मीटर यायचं, २० सेकंद विश्रांती, असे सहा, चार मिनिटं थांबून पुन्हा सहा. यात गुडघ्यावर वळण्याचा ताण येतो, दुखत असेल तर गाळा. नवव्यात जोर तोच, फेऱ्या निम्म्या. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ‘राहिलेलं भरून काढू’ म्हणून जास्त पळवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

प्रगती यो-यो टेस्टने मोजा, इंटरमिटंट रिकव्हरीची लेव्हल एक. २० मीटरवर दोन रेषा, सुरुवातीच्या रेषेच्या मागे ५ मीटरवर एक कोन. मोबाइलवर बीपचा ऑडिओ लावायचा : जाऊन-येऊन ४० मीटर, मग १० सेकंदांत मागच्या कोनापर्यंत जाऊन परत, की पुढचा बीप. वेग वाढत जातो, दुसऱ्यांदा उशीर झाला की थांबायचं आणि अंतर लिहायचं. गुडघा ठीक असेल तर पहिल्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी घ्या. मैदान तेच, बूट तेच, वेळ तीच, आदल्या दिवशी मॅच नको. एकदा मुरमावर आणि पुढच्या वेळी चिखलात घेतली तर आकड्यांना अर्थ नाही. वर्गमित्राच्या आकड्याशी तुलना तर अजिबात नको, कारण नववीच्या वर्गात दाढी फुटलेला मुलगा आणि आवाज न फुटलेला मुलगा एकाच बाकावर बसतात.

पावसाने मैदानावर तळं झालं तर दमाचं सत्र फुटपाथवर हलवू नका. त्या दिवशी हॉलमध्ये ताकदीचं घ्या : एका पायावर तोल ३० सेकंद, प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं) ३० सेकंद, आणि मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक, म्हणजे मऊ गादीवर गुडघ्यांवर उभं राहून, मित्राने घोटे धरलेले असताना हळूहळू पुढे झुकणं. गुडघे टेकल्यावर दुखत असेल तर नॉर्डिक सोडा. वजन उचलल्याने उंची खुंटते ही भीती खरी नाही. शिकवणारा माणूस समोर हवा, एवढंच.

झोप आणि खाणं. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते. क्लास, जेवण, गृहपाठ आवरून अकराला झोपणारा मुलगा पाचला उठतो म्हणजे सहा तास. नुसतं पहाटेचं पळणं बंद केल्याने दुसरा हाफ थोडा सुधारला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. शाळेचा डबा अकराला आणि प्रॅक्टिस साडेपाचला असेल तर तो रिकाम्या टाकीवर धावतोय. साडेचारला दोन केळी, किंवा पोळी-गूळ, किंवा वाटीभर पोहे. मॅचच्या तीन तास आधी वरणभात. मिसळ मॅच जिंकल्यावर. आधी खाल्ली तर तर्री दुसऱ्या हाफपर्यंत आठवण करून देत राहते. सत्रानंतर तासाभरात ग्लासभर दूध आणि अंडी किंवा उसळ. पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर येतो : सत्राआधी आणि नंतर वजन करा, एक किलो उतरलं म्हणजे जवळपास लिटरभर घाम गेला. तासाच्या आतल्या सत्राला साधं पाणी पुरतं. मॅचला एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू. प्रोटीन पावडर लागत नाही.

फिटनेस बॅच घ्यायची का? सध्याच्या प्रॅक्टिसच्या वर आणखी म्हणून नको. शाळेचे सर मंगळवार-गुरुवार बदलायला तयार नसतील तर त्या दोन संध्याकाळी प्रॅक्टिसऐवजी बॅच, असा विचार होऊ शकतो. पैसे भरण्याआधी तिथे तीनच गोष्टी विचारा : आठवड्याचा एकूण बोजा तुम्ही लिहून ठेवता का, शाळेच्या सरांशी बोलाल का, आणि गुडघा दुखला तर काय बदलाल? तिसऱ्या प्रश्नाला ‘सवय होईल हळूहळू’ असं उत्तर आलं तर चप्पल घालून निघा.

ता. क. चं उत्तर : नळीसारखी नी-कॅप उब देते, टेंगळावरची ओढ कमी करत नाही. वाटीखाली बांधायच्या पट्ट्याने काही मुलांना खेळताना आराम पडतो, तो डॉक्टरांना विचारून घेऊन बघा. पण आधी त्याच्या बुटांचे तळ पाहा. लांब, मोजके स्टड असलेले बूट गवतासाठी असतात. कडक मुरमावर ते रुतत नाहीत आणि प्रत्येक पावलाचा दणका वर गुडघ्यात जातो. बुटके, भरपूर रबरी दाणे असलेले टर्फचे बूट घ्या आणि बाबांना सांगा, तो लवकर वाढतोय म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरते.